आधी पेन्सिल, मग ताट

ती आधी हातात पेन्सिल द्यायची आणि मग ताट. पेन्सिल घेतल्याशिवाय तिच्याकडे कुणाला जेवायला मिळाल्याचं मला आठवत नाही. सगळ्यांना वाढून झालं की दाराच्या चौकटीला टेकून उभी राहायची, ओढणी कमरेला खोचलेली, आणि म्हणायची, "मार्क कापा. बिनधास्त कापा. पण पोटभर जेवून कापा."

तुम्ही म्हणाल, खानावळ असेल. नव्हती. पाककलेचा क्लास? तोही नव्हता. ते अनुदान होतं.

थांबा, नीट सांगतो. घोडबंदरजवळच्या हाटकेश भागात माझ्या बिल्डिंगच्या अगदी समोर तिच्या वडिलांचा एक गाळा होता. पूर्वी तिथे स्टीलचे डबे व्हायचे. भाडेकरू सोडून गेला आणि गाळा रिकामा पडला. माणसं मूळची घोडबंदरची, जुनी भातशेतीवाली. त्या घरातली परदेशात शिकायला गेलेली ही पहिली मुलगी. शिष्यवृत्तीवर वर्षभर कुठल्याशा थंड गावात राहून आली. तिला पाठवणारी जी संस्था होती, ती परत आलेल्यांना आणखी एक गोष्ट द्यायची. आपल्या गावात लोकांच्या उपयोगाचं काही करणार असाल तर त्यासाठी वर्षभराचं अनुदान.

ही बातमी पसरली तेव्हा आमच्या सोसायटीत खळबळ उडाली. "चांगलं काम करायला पैसे देतात?" आमचे सेक्रेटरी म्हणाले. "मग इतकी वर्षं आपण फुकट का करतोय?" ते नेमकं काय करत होते, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही.

तिने अर्जात लिहिलं होतं साधंच. जे रोज एकट्याने जेवतात, त्यांनी आठवड्यातून एकदा एका टेबलावर बसून जेवायचं. संस्थेला कल्पना आवडली. आता फक्त माणसं हवी होती.

वार बुधवार ठरला. सोमवारी शंकराचा उपास, मंगळवारी गणपतीचा, गुरुवारी दत्ताचा, शनिवारी मारुतीचा, आणि शुक्रवार-रविवारी लोकांना मासळी सोडवत नाही. उरला बुधवार. गाळ्यातली दोन लांब लोखंडी टेबलं जोडली, वर चादर घातली आणि दारावर बोर्ड लावला: "एकटे जेवता? आमच्यासोबत जेवा."

मी गॅलरीतून बघत होतो. लोक यायचे, बोर्ड वाचायचे आणि चालण्याचा वेग वाढवायचे. पहिल्या बुधवारी आत गेला तो फक्त एक कुत्रा. दुसऱ्या बुधवारी तोही आला नाही. पोरीला कळेना काय चुकलं. मला गॅलरीत उभ्या उभ्या कळत होतं. आमच्याकडचा माणूस तुम्हाला फ्लॅटचा भाव सांगेल, गुडघ्याचं ऑपरेशन सांगेल, मुलाचं पॅकेज सांगेल. पण मी एकटा जेवतो, हे तो मेला तरी सांगणार नाही. त्या बोर्डाखालून आत जायचं म्हणजे कपाळावर लिहून घेण्यासारखंच होतं.

मी स्वतः त्या वेळी मस्त होतो. आमची ही जाऊन दोन वर्षं झाली होती. मुलगा बंगळुरूला. मी ओट्याशी उभं राहून जेवायचो. डाळ-भात पातेल्यातच कालवायचा, म्हणजे ताट घासायला नको. त्यात दुःख नव्हतं, सोय होती. मुलालाही फोनवर मी हेच सांगायचो.

तिसऱ्या आठवड्यात तिने माझी बेल वाजवली. मी दार अर्धंच उघडलं. "मी काही एकटा वगैरे जेवत नाही," मी आधीच सांगून टाकलं.

"छे हो काका! तुम्हाला जेवायला कोण बोलावतंय?" ती म्हणाली. "मला परीक्षक हवाय. तुम्ही इन्शुरन्समध्ये होतात ना?"

होतो. आयुष्यभर लोकांचे क्लेम तपासले आणि कापले. माझ्या या गुणाची कदर करणारं कुणी रिटायरमेंटनंतर प्रथमच भेटत होतं. मी दार पूर्ण उघडलं.

मग तिने आवाज खाली आणला. "खरं सांगू? बाकीचे जे येणार आहेत ना, ते बिचारे घरी एकटे असतात. तसं सांगून बोलावलं तर येत नाहीत. म्हणून त्यांना परीक्षक म्हणूनच बोलावतेय. पण एक तरी खरा परीक्षक नको का? तुम्ही असलात की त्यांना शंका येणार नाही."

बुधवारी मी शर्टाला इस्त्री केली.

टेबलावर आम्ही चौघं होतो. निवृत्त पी. टी. मास्तर सावंत सर, अजूनही पाठ ताठ ठेवून बसणारे. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या हंसाबेन, जैन, त्यामुळे कांदा, लसूण, बटाटा सगळं बाद. आणि वरसाव्याचे तात्या, तिच्या वडिलांचे नात्यातले, मोठ्या बंगल्यात राहणारे. प्रत्येकाच्या छातीवर 'परीक्षक' असा बिल्ला. प्रत्येकासमोर दोन वाट्या, आमटी 'अ' आणि आमटी 'ब'. एक तिने केलेली, एक तिच्या आईने. कुठली कुणाची ते गुपित.

तात्यांनी पहिला घास घेतला आणि पेन्सिल खाली ठेवली. "कांदा न्हाय, लसूण न्हाय. मंग हाय काय त्यात?"

"मार्क कापा ना तात्या," ती दारातून म्हणाली.

"'ब' तो एकदम फर्स्ट क्लास छे," हंसाबेन म्हणाल्या. "'अ' में गुळ कम है."

"गूळ कमी?" सावंत सर उसळले. "अहो, 'अ' मध्येच तर खरा तोल आहे! 'ब' म्हणजे नुसतं गोड पाणी."

मग जी जुंपली म्हणता! मी 'अ'च्या बाजूने उतरलो. तात्या दोन्हीच्या विरुद्ध. वाद वाढला की तिची आई हळूच येऊन गरम तांदळाची भाकरी ताटात टाकायची आणि भांडता भांडता आम्ही ती संपवायचो. "माणूस गप्प बसून एक भाकरी खातो," पोरगी मला नंतर म्हणाली, "आणि भांडताना तीन."

एका बुधवारी हात धुवायला मी आतल्या मोरीकडे गेलो आणि शेगडीवर बघतो तर पातेलं एकच. तिची आई त्यातूनच 'अ' वाढत होती आणि त्यातूनच 'ब'. मी वळलो तर पोरगी मागे उभी. तिने ओठांवर बोट ठेवलं. "काका, तुम्ही आपले आतले माणूस. कुणाला सांगू नका हं."

मी कशाला सांगतोय? बाहेर येऊन गंभीर चेहऱ्याने 'अ'ला आठ दिले, 'ब'ला पाच, आणि हंसाबेनशी पुन्हा गुळावरून वाद घातला. त्या बिचाऱ्यांची कीव येत होती. इतक्या तावातावाने भांडत होत्या, त्याच पातेल्यातल्या आमटीसाठी.

असे काही महिने गेले. मी बुधवारची वाट बघतोय, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण ते कामाच्या जबाबदारीमुळे, असं मी धरून चाललो होतो.

मग संस्थेच्या बाई यायच्या ठरल्या. अर्धं वर्ष झालं की काम बघायचं आणि पुढचं अनुदान द्यायचं की थांबवायचं ते ठरवायचं. तिने हे आम्हाला सरळ सांगितलं. तिचा चेहरा त्या दिवशी नेहमीसारखा नव्हता. पेन्सिली वाटताना तिने मला दोन दिल्या.

बाई आल्या, बसल्या, जेवल्या. चांगल्या होत्या. आमचा वाद त्यांनी हसत हसत ऐकला, 'ब'ला मार्कही दिले. मग वही बंद करून त्यांनी आमच्या छातीवरचे बिल्ले एकेक करून वाचले आणि तिला विचारलं, "ये सब तो जज हैं. फिर जिनके लिए ये सब है, वो लोग कहाँ हैं?"

तिची अडचण मला दिसत होती. तिने कुणाकडेही बोट दाखवलं असतं, तर तो माणूस पुढच्या बुधवारी आला नसता. आणि कुणाकडेच दाखवलं नाही, तर पुढचा बुधवारच झाला नसता. ती दाराला टेकून उभी राहिली आणि ओढणीचं टोक पिळू लागली.

म्हटलं, आपण आतले माणूस, आपणच पोरीला सोडवावं. मी बाईंच्या नजरेला नजर दिली, आणि कुणाला दिसणार नाही अशा बेताने हनुवटीने सावंत सरांकडे खूण केली.

त्याच क्षणी मला दिसलं की सावंत सर टेबलाच्या कडेखालून बोटाने माझ्याकडे दाखवताहेत. हंसाबेन भुवईने तात्यांकडे. आणि तात्या, ज्यांना हळूच हा प्रकारच ठाऊक नाही, ते अख्खा हात लांब करून हंसाबेनकडे.

आम्ही चौघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला पण तिने सांगितलं होतं?" सावंत सरांनी मला विचारलं. "की बाकीचे बिचारे..."

"मुझे भी बोली थी," हंसाबेन म्हणाल्या. "पातेले का भी पता है मुझे. एक ही है."

"मना पयल्या दिवसापासनं ठावं हाय," तात्या म्हणाले.

म्हणजे सगळ्यांनाच माहीत होतं. सगळेच 'आतले माणूस' होते. एकाच पातेल्यातल्या आमटीवरून आम्ही एकमेकांची कीव करत इतके महिने भांडलो होतो. पहिल्यांदा हंसाबेन हसल्या, मग आम्हाला आवरेना. फक्त ती हसली नाही. तिला वाटलं असणार, आता हे सगळे उठून जाणार.

बाई अजून उत्तराची वाट बघत होत्या. मी उभा राहिलो. छातीवरचा बिल्ला काढून टेबलावर ठेवला. "मैं हूँ," मी म्हणालो. "मैं अकेला खाता हूँ." आणि मग पुढचं हिंदीत येईना म्हणून मराठीत म्हणालो, "ओट्याशी उभा राहून. पातेल्यातच. बायको गेल्यापासून मी फक्त बुधवारी बसून जेवतो." हे मी मुलालाही सांगितलं नव्हतं. सांगितल्यावर मात्र हलकं वाटलं, खोटं कशाला बोलू.

सावंत सरांनी बिल्ला काढला. हंसाबेननीही काढला. तात्यांनी नाही काढला. "मी एकटा न्हाय," ते म्हणाले. "माझी मांजर हाय." थोड्या वेळाने म्हणाले, "ती पन दुसरीकडंच जेवते."

अनुदान पुढे चालू राहिलं, हे सांगायला नकोच.

त्यानंतर एकदा मी तिला विचारलं, की ही असली युक्ती तिला सुचली कुठून. ती म्हणाली, त्या थंड गावात पहिले दोन-तीन महिने ती खोलीत बसून नुसता ब्रेड खायची. खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंनी एकदा दार ठोठावलं. म्हणाल्या, आम्ही काही जण मिळून रविवारी जेवतो, बटाटे सोलायला माणूस कमी पडतंय, येशील का? ही मदत म्हणून गेली. वर्षभर दर रविवारी बटाटे सोलले, सगळ्यांबरोबर जेवली. "शेवटच्या आठवड्यात मी त्यांचं कपाट आवरत होते, काका," ती म्हणाली, "तर आत बटाटे सोलायचं मशीन. चांगलं चालू." हे सांगताना तिने हसायचा प्रयत्न केला. तो जमला नाही, आणि मलाही जमला नाही.

वर्ष संपलं, अनुदान संपलं. तिला हैदराबादला चांगली नोकरी लागली. जायचंच होतं, गेली. गाळ्याला नवा भाडेकरू आला. त्या दोन टेबलांपैकी एक आम्ही माझ्या हॉलमध्ये आणलं. लिफ्टमध्ये मावेना, म्हणून जिन्याने चढवलं. सावंत सर शिट्टी वाजवत पुढे, आणि तात्या मागून सगळ्यांना शिव्या घालत. आता सोफ्याला जागा नाही. आमटी-भाकरी आम्हीच आळीपाळीने करतो. दाराच्या चौकटीपाशीही कुणी उभं नसतं, आणि वाढून झाल्यावर माझी नजर अजून तिकडे जाते. ती फार आठवते. बुधवारी दुपारी तिचा फोन येतो, पण फोन म्हणजे काही ती नव्हे.

मागच्या महिन्यात आमच्या बी विंगमधल्या एका गृहस्थांची बायको गेली. त्यांच्या गॅलरीत दिवसा पडदा ओढलेला दिसायला लागला. मी जाऊन बेल वाजवली. त्यांनी दार अर्धंच उघडलं.

"जेवायला नाही बोलावत," मी म्हणालो आणि खिशातली पेन्सिल त्यांच्या हातात दिली. "परीक्षक हवाय. बाकीचे तिघं आहेत, पण काय आहे, ते बिचारे घरी एकटे असतात..."

"तुम्ही इतकं करताय म्हणून येतो," ते म्हणाले. मी त्यांचे आभार मानले.

बुधवारी ते आले. इस्त्रीचा शर्ट होता. हात धुवायला स्वयंपाकघरात गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. मी डोकावलो. ते शेगडीवरच्या पातेल्याकडे बघत उभे होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

ते बाहेर आले, खुर्ची ओढून बसले, दोन्ही वाट्या चाखल्या. पेन्सिल उचलून 'अ'ला चार मार्क दिले. "सावंत सर, माफ करा," ते म्हणाले, "पण 'ब'च्या जवळपाससुद्धा नाही ही," आणि भाकरीसाठी ताट पुढे केलं.