आबांच्या बुटातला खिळा

तुमच्या घरात मधुमेह असलेलं माणूस असेल तर सांगा, त्याचा तळवा तुम्ही शेवटचा कधी पाहिलात?

मी माझ्या वडिलांचा पाहिला तो थेट डॉक्टरांच्या टेबलावर. शाहूपुरीतल्या दवाखान्यात डॉक्टरांनी आबांचा उजवा मोजा कात्रीनं कापून काढला, कारण तो जखमेला चिकटला होता. मग त्यांनी बुटात बोट फिरवलं. तळातून एक खिळा वर आला होता.

"सुभेदार, हा किती दिवस टोचतोय?"

"टोचतच न्हाय की," आबा म्हणाले.

"तोच तर आजार आहे."

डायबेटिक न्यूरोपॅथी, असं डॉक्टरांनी कागदावर लिहिलं. रक्तातल्या वाढलेल्या साखरेनं पायाच्या नसा बधिर होतात. खिळा लागो की निखारा, कळत नाही, आणि जखम आत आत जात राहते. आबांच्या जखमेत गँगरीन सुरू झालं होतं, म्हणजे मांस मरत होतं. पाय वाचतो की गुडघ्याखाली कापावा लागतो, ते तीन-चार दिवसांत ठरणार होतं.

आबा शिरोळजवळच्या आमच्या गावातून अठराव्या वर्षी फौजेत गेले. निम्मी नोकरी बर्फातल्या चौक्यांवर झाली. नव्वदच्या दशकात एक जवान बर्फाच्या भेगेत पडला. आबा दोराला लटकून खाली उतरले आणि त्याला पाठीला बांधून वर आणलं. त्याबद्दल आबांना पदक मिळालं. हिमदंशानं डाव्या पायाची दोन बोटं गेली. तेव्हापासून ते घरातही मोजे काढत नसत. अंघोळ करून यायचे तेही मोजे घालूनच. आम्ही त्याला शिस्त समजत होतो.

दरवर्षी ऑगस्टमध्ये गावची शाळा त्यांचा सत्कार करायची. पोरं, मास्तर, सरपंच, सगळे रांगेनं पाया पडायचे. मी कधी पडले नाही. आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली, विहारातल्या सभांची, मोर्च्यांची. सुट्टीवर आले की आबाच ती मोठ्यानं वाचायचे. माणसानं माणसापुढं वाकायचं नाही, हे मी त्यांच्याच आवाजात शिकले. दवाखान्यात जावं लागलं त्या वर्षीही रांग त्यांच्या बुटांना हात लावून पुढं सरकली आणि मी बाजूला ताठ उभी राहिले. खिळा तेव्हा आत होता. रांगेला दिसला नाही. मलाही दिसला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉप्लर झालं. पायात रक्त कुठवर पोचतं, ते दाखवणारी ही सोनोग्राफी असते. रक्त घोट्यापर्यंत चांगलं होतं, पुढं कमी. मग डेब्रिडमेंट, म्हणजे मेलेलं मांस कापून जखम साफ करणं. ते दोनदा करावं लागलं. मी बाहेरच्या बाकावर बसून दाराकडं बघत होते.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर शिरोळचेच एक ऊसवाले शेतकरी होते. त्यांनी आबांची सगळी हकिकत ऐकून घेतली आणि म्हणाले, "पावणं, एवढा हिमालय चढलासा आणि बुटात घावलासा व्हय?"

आबा हसले. मला हसू आलं नाही. तिसऱ्या दिवशी ड्रेसिंग चालू असताना ते आपणहून बोलायला लागले.

"वर चौकीवर रोज संध्याकाळी पाय तपासायचं काम असायचं. आपलं आपण न्हाय, जोडीदारानं बघायचं. दमलेला माणूस सोताशीच खोटं बोलतो. ठीक हाय म्हणतो आणि झोपतो. जो पाय दावायचा न्हाय त्याला मी शिक्षा लावायचो."

मला राग आला. "मग घरी का नाही दाखवलेत?"

"घरी जोडीदार कोण हुता, पोरी? सगळी पाया पडणारी. आणि एक तू, ताठ."

 

चौथ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "दोन बोटं काढावी लागतील. पाय राहील." मी त्यांचे आभार मानले आणि जिन्यात जाऊन रडले. घरी सोडताना सिस्टरनं मला तळवा कसा बघायचा ते शिकवलं. बोटांच्या बेचक्या, टाच, भेगा, रंग. त्यांचं नाव विचारायचं राहून गेलं, पण ती पाच मिनिटं मी विसरलेले नाही.

घरी पहिल्या संध्याकाळी मी जमिनीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. त्यांनी तो मागं ओढला.

"तू तर वाकत न्हाईस की."

"वाकत नाहीये. बघतेय."

त्यांनी पाय परत पुढं केला. मग हळूहळू डावा मोजासुद्धा काढला. तो पाय मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते.

"आता तुझं दाव," आबा म्हणाले. "एकटाच दावतो तो पेशंट. दोघांनी दावलं की जोडी."

त्यांनी चष्मा लावून माझे तळवे निरखले. "टाचा बघ. पायताण घालून फिरत जा."

याला चार वर्षं झाली. आबांचा पाय जागेवर आहे. माझं तत्त्वही जागेवर आहे, फक्त माझ्या ताठ उभं राहण्याचा मला आता तितका अभिमान वाटत नाही.

तेव्हा एवढं करा. आज दिवे लागले की घरातल्या त्या माणसाला उजेडात बसवा. त्याचे बूट उलटे झटका, आत हात फिरवा. तळवा नीट बघा. आणि मोजे काढायला तो लाजला, तर आधी स्वतःचे पाय त्याच्यापुढं करा.