जुन्या गाड्यांना प्रवेश नाही

निवृत्त झाल्यावर आमच्या यांनी एका शाळेनं भंगारात काढलेली मिनीबस घेतली आणि आठ महिने खपून तिचं फिरतं घर केलं. आत पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे. बाहेरून मात्र ती होती तशीच. पिवळ्या रंगाचे पोपडे, दाराखाली गंज. "रंग तरी द्या," मी शंभरदा म्हटलं असेल. "इंजिन बघ इंजिन. रंगाला काय चाटायचं हाय?" हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

मागच्या हिवाळ्यात कळलं, की माजलगाव धरणाच्या कडेला एका शेतावर अशा गाड्यांना मुक्कामाला जागा देतात. यांनी फोन करून जागा ठरवली. बीडहून निघालो, दुपारी फाटकाशी पोचलो. शेताचा मालक चाळिशीतला. बाहेर आला, बसभोवती एक चक्कर मारली आणि फाटक न उघडताच म्हणाला, "काका, ही गाडी आत न्हाई घेता येणार."

"कावून?"

त्यानं खांबावरच्या पाटीकडे बोट केलं. दहा वर्षांहून जुन्या, गंजलेल्या गाड्यांना प्रवेश नाही.

"हे फोनवर सांगायला काय झालतं?" मी तडकले.

"इचारलतं की, काकू. काका म्हणले, नव्यावानी हाय."

मी यांच्याकडे पाहिलं. ते पाटी वाचत उभे.

मग अर्धा तास हुज्जत. यांनी पासिंगचे कागद काढले, बॉनेट उघडून दाखवलं. "दहा वर्षाच्या वर तर मी बी हाय. मला बी हाकलतो का?" असंही म्हणून झालं. आतले पाहुणे खुर्च्या वळवून बघायला लागले. मला कुठं तोंड लपवू असं झालं.

शेवटी हे म्हणाले, "चल, दिंद्रुडला ताईकडं जाऊ." सेल मारला. नुसतं टक् टक्. परत मारला. टक्. मालकानं एकदा खांबावरच्या पाटीकडे बघितलं.

त्यानंच चार पाहुणे बोलावले. मीही मागून धक्का दिला. उतारावर इंजिन धडधडलं आणि थांबवलं तर परत बंद पडेल म्हणून हे थांबलेच नाहीत. मला फाटकात सोडून बस वळणाआड गेली.

मालकानं मोटरसायकल काढली. "बसा, काकू."

वाटेत तो म्हणाला, "राग नका धरू. गेल्या साली एकानं अशीच गाडी आणली, बंद पडली, तशीच सोडून गेला. चार महिने फोन उचलना. आमच्या कोंबड्या अंडी घालू लागल्या तिच्यात."

त्याचं खरं होतं, याचाच जास्त राग येत होता.

बस गाठली ती दिंद्रुडच्या फाट्यावर. इंजिन चालूच, आणि हे टपरीवर चहा पीत उभे. मला मोटरसायकलवरून उतरताना बघून म्हणाले, "कुठं राहिलतीस? बघ, कशी पळाली का न्हाई!" वर त्या मालकालाही चहा सांगितला. तो बिचारा प्यालासुद्धा.

मी न बोलता बसमध्ये जाऊन बसले आणि नणंदेच्या दारापर्यंत तोंड उघडलं नाही. ते त्यांच्या लक्षातच आलं नाही.