नवरा कोमात, नवरी सेटवर

सिरियलवाल्यांना किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. माणसं घरच्यांपेक्षा जास्त वेळ एकमेकांची तोंडं बघत बसली की दुसरं काय होणार! पण प्राचीच्या लग्नाचे किस्से मी आजही कुणी विचारायच्या आधीच सांगायला लागते.

आमचं शूटिंग पनवेलजवळच्या कोन गावात एका भाड्याच्या बंगल्यात चालतं. मी पनवेलची, त्यामुळे डबा घरचा आणि भूमिका सासूची. प्राची माझी सून. उरणजवळच्या मोरा बंदरावरची, कोळ्याची पोर. पहिलंच मोठं काम, जीव ओतून करायची.

*

लग्नाची तारीख ठरली तशी तिने सुट्टी मागितली. प्रॉडक्शनचे सर दचकलेच.

"लग्न? अगं, तुझा नवरा कोमात आहे!"

"सर, तो सिरियलमधला! माझा एकदम ठणठणीत आहे."

सुट्टी मिळाली, हळदीच्या दुपारपासून. अट एकच, हातातला एपिसोड पूर्ण झाला पाहिजे. आमच्याकडे दिवसा शूट केलेलं कधीकधी त्याच रात्री टीव्हीवर दिसतं. त्यामुळे ही अट ऐकून मेकअप रूममध्ये कुणीच हसलं नाही.

*

तिचा होणारा नवरा नीलेश, उरणला पोर्टवर कामाला. बस्त्याच्या दिवशी तिला न्यायला सेटवर आला, तर असिस्टंटने त्याला वॉर्डबॉय समजून निळा डगला चढवला! तोही डगला घालून उभा राहिला. तेवढाच वेळ प्राचीजवळ!

सीनमध्ये कोमातल्या समीरचं स्ट्रेचर ढकलायचं होतं. कट झाल्यावर नीलेश त्याच्या कानाशी वाकला.

"भावा, ऊठ ना आता. आमचं लगीन हाय!"

अख्खं युनिट हसलं. प्राची घड्याळ बघत होती. बस्ता तिच्याशिवायच झाला.

*

मग मेंदी. नवरा कोमात असलेल्या बाईच्या हातावर मेंदी कशी चालेल? "कंटिन्युटी जाईल," दिग्दर्शक म्हणाले.

तिच्या आईचा फोन आला. "नवरीचं हात कोरं? गावात तोंड दाखवायचं नाय का आमी?"

तोडगा निघाला. मेंदी फक्त पायांवर काढायची, पाय फ्रेममध्ये घ्यायचे नाहीत. आणि हळदीच्या सकाळीच लेखकाने नवा सीन पाठवला, सून नवऱ्यासाठी अनवाणी देवळात जाते. पायांचा क्लोजअप!

मेकअपदादा तिच्या पावलांवर फाउंडेशनचे थर देत होता आणि ती मुकाट रडत होती.

"ताई, मला काम पण हवंय आणि लग्न पण. हे जास्त मागणं आहे का?"

घरच्या कितीतरी समारंभांना मी मेकअप न पुसता पोचलेय, कित्येकांना पोचलेच नाही. वाईट वाटायचं ते वाटतंच.

*

त्या दिवशी दुपार टळली तरी एक सीन उरलाच. नीलेशचा भाऊ फाटकाशी गाडी घेऊन थांबलेला. तिच्या आईने शेवटी मलाच फोन लावला.

"ताय, बायका हलद घेऊन बसल्यात. लग्नाचा धवला गाणारी बाय कवाची आलीय. पोर कुठं हाय? नवऱ्याची आत्या बोलते, हिला सिरियलच करू दे, लगीन नको!"

सीन असा. समीर निपचित, प्राची त्याच्या उशाशी. मी दारातून येऊन म्हणायचं, "सूनबाई, तू इथून हलायचं नाहीस." त्यावर तिचं पानभर भाषण.

टेकवर टेक झाले. प्राचीच्या तोंडून शब्द फुटेना. दिग्दर्शकांचा पारा चढलेला. "हे झाल्याशिवाय कुणी बाहेर जाणार नाही!"

पुन्हा ॲक्शन. मी आत आले, तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाले, "सूनबाई, ऊठ. तू जा. याच्यापाशी मी बसते."

कॅमेरा चालूच. प्राची उठली, माझ्या पाया पडली आणि दारातून थेट बाहेर गेली. फाटकाशी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. दिग्दर्शक कट म्हणेनात. मी खुर्चीत बसून समीरचा हात धरला. आता दोघींचंही काम गेलं असं वाटत होतं.

तेवढ्यात समीर डोळे मिटूनच पुटपुटला, "आई... पोचेल ना गं ती?"

तो टेक तसाच गेला, आणि त्या रात्रीच्या भागात आमचा पेशंट शुद्धीवर आला!