आबांनी ‘अलाऊ’ दाबलं

मंडळी, दुपारी दोंडाईच्याहून परत आलोय आणि डोकं अजून तापलेलंच आहे.

आबा म्हणजे माझे मावसकाका, रिटायर्ड पोस्टमन. त्यांच्या खोलीतल्या कॉम्प्युटरवर टॉवेल टाकलेला. कारण तो चालू केला की कोपऱ्यात नागड्या बायकांच्या जाहिराती एकामागून एक उगवायच्या. तीन महिन्यांपूर्वी सुनेने ते पाहिलं. तेव्हापासून आठ वर्षांच्या नातीला त्या खोलीत जायला बंदी.

मी शोधत गेलो. नातीच्या गॅदरिंगसाठी अहिराणी गाणं मिळावं म्हणून आबा एका फुकट साइटवर गेले होते. तिथे चौकट आली, नोटिफिकेशन पाठवू का? आबांनी ‘अलाऊ’ दाबलं.

“पण का दाबलं, आबा?”

“कोनी इचारं ते नही कसं म्हनानं, भाऊ?”

सेटिंगमध्ये जाऊन ती परवानगी काढली, सोबत घुसलेलं एक फालतू एक्स्टेंशन उडवलं, स्कॅन केलं. पाऊण तासात सगळं बंद.

आबा स्क्रीनकडे बघतसुद्धा नव्हते. “तेवढं मन्ही सूनले सांग,” एवढंच म्हणाले.

वहिनींना, म्हणजे आबांच्या सुनेला, जाऊन सगळं समजावलं. त्या “हो का” म्हणाल्या आणि भाकरी थापत राहिल्या. मी निघालो तेव्हा नात उंबऱ्याबाहेरूनच आबांना टाटा करत होती.

तीन महिन्यांत घरातल्या एकानेही त्यांना साधं विचारलं नाही, की आबा, हे झालं कसं? तुम्ही विचारलं असतं?

मीही आधी विचारलं नाही. खोलीत शिरल्यावर मी पहिल्यांदा त्यांच्या ब्राउझरची हिस्टरीच उघडली होती, ते काय काय बघतात ते पाहायला.