दोन्ही भाषांत सांगितलं होतं

मेसेज आला तेव्हा मी वकीलसाहेबांच्या आईची पाठ धूत होते. म्हातारी अंथरुणाला खिळलेली, पाठीवर जखम. बेळगावातल्या त्या कॉलनीत तीन घरांत मी नर्स म्हणून जात होते. म्हणून कॉलनीच्या ग्रुपमध्ये मलाही घेतलेलं.

हातमोजा काढून फोन बघितला. "गेटजवळ परदेशी काळा माणूस फिरतोय. मुलांना बाहेर सोडू नका." खाली फोटो. तो उघडायच्या आधीच मी अंगठा टाकला. सवयच ती. पाणी येणार नाही, अंगठा. गणपतीची मीटिंग, अंगठा. आपल्याला ग्रुपमध्ये ठेवलंय याचंच मला अप्रूप होतं.

मग फोटो उघडला. माझे आप्पा होते.

गेटच्या आत जमिनीवर बसवलेले. हात मागे. शेजारी फणस पडलेला. माझ्यासाठी आणलेला.

आम्ही सिद्दी. कित्येक पिढ्यांपूर्वी आफ्रिकेतून गुलाम करून आणलेली माणसं. खानापूरच्या पुढं जंगलात आमची वस्ती आहे. आजोबा, पणजोबा तिथंच जन्मले, तिथंच मेले. मी खानापुरात मराठी शाळेत शिकले. पण आमचा रंग आणि आमचे केस बघितले की लोकांना पुढचं काही ऐकू येत नाही.

मी तशीच धावत सुटले. गेटवर पंधरावीस माणसं. वॉचमननं आप्पांची कॉलर धरलेली. समोर वकीलसाहेब आणि त्यांचे शेजारी कंत्राटदार. वकीलसाहेब मराठीसाठी भांडणारे. सीमाभागातल्या अन्यायावर बोलायला लागले की त्यांचा आवाज चढतो. कंत्राटदार कन्नडचे कट्टर. गेटवरच्या पाटीवर वर कन्नड की वर मराठी, यावरून दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभे होते. एकमेकांशी बोलत होते.

"कंट्री? युवर कंट्री?" कंत्राटदार ओरडत होते.

"खानापूर," आप्पा म्हणाले. कन्नडमध्ये सांगितलं, मग मराठीत सांगितलं.

"बघा कसा बोलतोय," एक बाई म्हणाली. "शिकवून पाठवलंय त्याला."

आप्पांची चूक एवढीच, की त्यांनी क्रिकेट खेळणाऱ्या पोरांना पत्ता विचारला होता. नर्सबाई कुठल्या घरात येते म्हणून. आमच्याकडं पत्ता पोरांनाच विचारतात. पोरांना सगळी घरं माहीत असतात.

आप्पांचा ओठ फुटला होता.

"ते माझे वडील आहेत," मी म्हणाले.

वॉचमननं कॉलर सोडली. वकीलसाहेब माझ्याकडं बघून म्हणाले, "आधी सांगायचं न्हाय का गं, वडील येणार हाईत म्हणून?"

म्हणजे चूक माझी.

"कुणी मारलं?" मी विचारलं.

"झालं ते झालं. लोकं घाबरलीती. पुढच्या वेळी आधारकार्ड गळ्यात अडकवून येऊ दे त्यांना. तू आमच्या घरातलीच हाईस. तुला कोण काय म्हणतंय व्हय?"

कोण काय म्हणणार? मी त्याची सोयच ठेवली नव्हती. दर महिन्याला केस सरळ करून घेत होते. पांढरा एप्रन पेशंटच्या घरात पोचल्यावर घालायचा असतो, मी तो बसमध्येच चढवत होते. तेवढ्यावर लोक मला माणसात घेत होते. आप्पांकडं एप्रन नव्हता. मला स्वतःची लाज वाटली.

"कुणी मारलं?" मी परत विचारलं. कंत्राटदार मोबाईल बघायला लागले. बाई आत गेली.

"सोड गं, बाय," आप्पा म्हणाले. "लागलं न्हाय लई."

मी पोलिसांचा एकशेबारा फिरवला.

वकीलसाहेबांचा चेहरा उतरला. "येडी हाईस काय? कामाचं काय, इचार केलास?"

मी आप्पांना उठवलं आणि वकीलसाहेबांच्याच हॉलमध्ये, त्यांच्याच खुर्चीवर बसवलं. नको म्हणायला कुणी पुढं आलं नाही. आत म्हातारी तशीच कुशीवर पडलेली. जखम उघडी होती. मी हात धुतले, नवे मोजे घातले आणि ड्रेसिंग पूर्ण केलं. तिचा यात काय दोष? मग बाहेर येऊन पोलिसांची वाट बघत उभी राहिले.

पोलीस आले. हवालदारानं सगळ्यात आधी आप्पांकडं पासपोर्ट मागितला. मी आप्पांच्या खिशातलं आधारकार्ड काढून दाखवलं, त्यानं ते उन्हात धरून उलटसुलट बघितलं. माझ्या पर्समधला जमातीचा दाखला दाखवला, तेव्हा कुठं तो वकीलसाहेबांकडं वळला. ठाण्यात चार तास बसून मी तक्रार लिहिली.

याला आता तीन आठवडे झाले. तिन्ही घरांची कामं गेली. ग्रुपमधून मला काढलं. वकीलसाहेबांचा रोज फोन येतो. आधी दरडावत होते, आता गयावया करतात. माफी मागायला घरी येतो म्हणतात. सगळ्यांसमोर, त्याच गेटवर मागा म्हटलं की फोन ठेवतात.

आप्पाही म्हणतात, तक्रार मागं घे. आपण मूठभर माणसं, कुठं कुठं पुरी पडणार? रात्री झोपेत त्यांचे हात पाठीमागं जातात, असं आई सांगते. तरी मागं घे म्हणतात. आजवर मी त्यांचा एकही शब्द मोडला नव्हता. हा मोडणार आहे.

सोमवारी जबाब आहे. त्या फोटोत आप्पांच्या मागं नऊजण दिसतात. नऊच्या नऊ मला माहीत आहेत. कुणाला साखर आहे, कुणाच्या घरात झोपेच्या गोळ्या चालतात, तेही माहीत आहे. ते मी कुणाला सांगणार नाही. नावं मात्र एकूण एक सांगणार आहे.