मिठाच्या राशीवरचं पान

नाथा भोईराचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. बाळकुमहून नौपाड्याला चालत तासभर लागे. तिथे एका भाड्याच्या खोलीत कल्याणच्या हौशी महिपतरावांचं फोटोचं सामान असे. कॅमेऱ्याची पेटी, तिचं तिकाटणं, काचांचा खोका, औषधांच्या बाटल्या, पाण्याचे दोन डबे आणि अंधारात काचा ओल्या करायला, धुवायला काळ्या कापडाचा तंबू. हे सगळं एका खेपेत कुणालाच उचलत नाही. ते बाळकुमच्या मिठागरावर आणायला नाथा कावडीने दोन खेपा करी. म्हणजे तोच रस्ता चार वेळा, त्यातला दोनदा ओझ्यासकट. साडेआठला महिपतराव कल्याणहून आगगाडीने ठाण्याला आणि तिथून बैलांच्या दमणीतून मिठागरावर येत. त्यांच्या हातात छत्री असे.

ही अठराशे अठ्ठ्याहत्तरची गोष्ट. नाथा आणि मी एकाच टोळीत मीठ ओढायचो. त्या हंगामात आठवड्यातले दोन दिवस तो महिपतरावांकडे जाई. मी एकतीस वर्षं पाट्या वाहिल्या आणि आता गुडघे गेल्यावर घरी बसलोय. त्यामुळे काम कशाला म्हणावं आणि कशाला म्हणू नये, हे मला सांगता येतं.

नाथाला जास्तीचे पैसे हवे होते ते एका दारासाठी. खाडीकाठी त्याचं थोडं खारं शेत होतं. अशा शेताच्या बांधात पाणी सोडायला लाकडी दार असतं, त्याला आम्ही उघाडी म्हणतो. त्याच्या उघाडीचं दार कुजलं होतं. दोन वर्षं उधाणाचं पाणी आत शिरून भात जळालं होतं. तिसऱ्या वर्षी जळालं असतं तर पेरायला बी उरलं नसतं. कल्याणचा सुतार सागाचं दार करून द्यायला तयार होता. आषाढाच्या आत ते बसायला हवं होतं. नाथा मिळालेली मजुरी बायकोकडे, ठमाबाईकडे देई आणि ती गाडग्यात टाकी.

महिपतरावांना निसर्गाचे फोटो काढायचे होते. खाडी, तिवरं, पक्षी. मुंबईच्या प्रदर्शनात पाठवणार होते. मुख्य चित्र बगळ्याचं. पण तेव्हाच्या काचेवर चित्र उमटायला आठपर्यंत मोजावं लागे, आणि तेवढ्यात पक्षी हलला की सगळं फिसकटे.

नाथाने सांगून पाहिलं. "राव, बगला जित्ता घ्या ना. वहोटीला उघाडीच्या तोंडाशी उभा ऱ्हातो. मी ईस मोजलं, पाय नाय हालवला."

"आणि एकविसाव्याला उडाला तर?"

"मंग दुसरी काच."

"काचेचे पैसे तू देणार का, नाथा?" महिपतराव हसले.

त्यांनी एका शिकाऱ्याकडून बगळा मारून आणवला. आतडी काढून पोटात आमच्याच आगरातलं मीठ भरलं. दोन्ही पायांतून तार घातली, मान काटकीला बांधली, डोळ्यांच्या जागी काचेचे मणी बसवले. हा निसर्ग.

पहिल्या दिवशी चित्र पुसट आलं. दुसऱ्या दिवशी ढग आले. ऐन चैत्रात, नेहमीच्या दोनाऐवजी लागोपाठ तीन दिवस नाथाने तो बगळा पाटीत घालून नेला-आणला. पाटीतून पाणी गळून त्याच्या खांद्यावर पडे. फोटोच्या आधी पिसांतल्या अळ्या चिमटीने वेचायचं कामही त्याचंच. महिपतराव नाकाला रुमाल लावून लांबून सांगत, "मानेखाली बघ, अजून एक वळवळतेय."

आम्ही टोळीतले ओरडायचो, "नाथा, बगल्याला भाकर घातलीस का?"

"घातली. तुमच्यापक्षी कमी खातो," तो म्हणे. पण स्वतः मात्र दुपारची भाकर तशीच परत नेई. घरी ठमाबाई त्याला ओटीवरच थांबवी. "आत नको येऊ. आधी तो मेलेला अंगावरशी उतरव."

तिसऱ्या दिवशी ऊन लख्ख होतं. महिपतरावांनी बगळा मिठाच्या राशीशेजारी उभा करायला लावला. पांढऱ्या राशीवरून उजेड परतून पिसांवर छान पडत होता. तंबूही तिथेच, राशीला लागून ठोकायचा होता.

"राव, तंबू बांधावर घ्या," नाथा म्हणाला. "इथली जमीन भुसभुशीत हाय. खुंटी धरनार नाय."

"तेवढं चालून येईपर्यंत काच सुकते रे. इथेच ठोक."

ती रास मोजून झाली होती. सरकारची पट्टी, म्हणजे मिठावरचा कर, भरून झाली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्यायला खाडीत मालाचा पडाव लागणार होता.

बगळ्याचं चित्र झालं. ते धुऊन महिपतराव तंबूतून पाठमोरे बाहेर सरकले. दोरी पायात आली, खुंटी उपटली, तंबू बसला, आणि आतलं चांदीच्या पाण्याचं भांडं राशीवर उपडं झालं. हेच पाणी काचेला लावलं की तिच्यावर चित्र उमटतं. नाथाला त्याची चांगली ओळख होती. त्याची बोटं त्यानेच काळी पडली होती. हात तोंडाला लावू नको, पोटात गेलं तर बाधेल, हे महिपतरावांनीच त्याला बजावलं होतं.

भिजलं तिथे मीठ आधी दह्यासारखं दाट दिसलं. मग उन्हात जांभळं व्हायला लागलं, मग मातकट.

महिपतराव क्षणभर हळहळले आणि मग एकदम खुलले. तिवराचं एक पान तोडून त्यांनी त्या ओल्या मिठावर ठेवलं आणि वर काच दाबली. दुपारपर्यंत कुणाला हात लावू दिला नाही. मग काच आणि पान उचललं. आजूबाजूला काळपट मीठ आणि मधोमध पांढरं पान, देठासकट.

"बघ, नाथा! कॅमेरा नाही, काही नाही. नुसत्या उन्हाने काढलेलं चित्र!"

"राव, हे खायचं मीठ हाय."

"अरे, पण बघ तरी."

"बघितलं. आता याचा काय करायचा?"

"वरून दोन पाट्या चांगलं मीठ टाक. कुणाला कळणार आहे?"

"मना कललं ना," नाथा म्हणाला.

त्याने फावडं घेतलं. काळं दिसत होतं तेवढंच नाही, त्याच्या हातभर पलीकडचंही खणलं. बारा पाट्या भरल्या, पाच मण मीठ. प्रत्येक पाटी दोनशे पावलांवर खाडीत नेऊन ओहोटीच्या पाण्यात सोडली. सूर्य बुडेपर्यंत तो एकटाच वाहत होता. आम्ही अकरा जण बांधावर बसून बघत होतो. मुकादमाचं भय होतं. एकही उठला नाही. मीही नाही. त्या दिवसाची किळस बगळ्याची जेवढी येते तेवढीच आमचीही येते.

मुकादम राघो आला. "मीठ कोनी फेकलं?"

"मी," नाथा म्हणाला.

"आगराचा मालक तुला पट्टीसकट भाव लावंल, समजतं ना?"

"लावू दे."

महिपतरावांनी त्या दिवसाची मजुरी चोख दिली. मिठाचे पैसे दिले नाहीत. फक्त एवढंच म्हणाले, "फेकायला मी सांगितलं नव्हतं." ते खरंच होतं.

नाथा घरी गेला तेव्हा मी मागोमाग होतो. त्याने गाडगं मागितलं.

"सुतार आला का?" ठमाबाईने विचारलं.

"नाय."

"मंग कनाला पायजे? दार कुठं हाय?"

"खाडीत सोडला," नाथा म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं. ती पुष्कळ बोलली. आणि मग गाडगं आणून त्याच्या पुढ्यात ठेवलं.

आषाढात उधाण आलं आणि शेतात शिरलं. त्यानंतर नाथाने ते शेत कधी पेरलं नाही. मरेपर्यंत दुसऱ्याच्या आगरात मीठ ओढलं.

बगळ्याचं चित्र मी पुढे कल्याणला एका वकिलाच्या घरी पाहिलं. मिठाची गोण टाकायला गेलो होतो. "बघ, जसा आत्ता उडेल," वकील म्हणाले. मी पायांकडे पाहिलं. तार नीट दिसत होती. गोण ठेवली आणि बाहेर येऊन थुंकलो.

पाच महिने पहाटे उठून केलेल्या खेपांची मजुरी पाच मण मिठात गेली. ते मीठ कुणाच्या पानात पडलं नाही.