झुरळकाका आणि गोगलगायी

झुरळकाका हे नाव त्यांना इमारतीतल्या पोरांनी ठेवलं होतं, आणि काकांनीही ते मुकाट्याने ठेवून घेतलं. पाठीवर पंप, तोंडावर मास्क आणि अंगाला औषधाचा तो उग्र वास, असा माणूस रोज जिना चढताना दिसला तर पोरं आणखी काय म्हणणार? लोकांच्या घरातली झुरळं, ढेकूण, वाळवी मारणं हा त्यांचा धंदा. "माझा हात फिरला की पुन्हा नाव काढणार नाहीत," असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगत. आणि ह्याच माणसाच्या बैठकीच्या खोलीत, माशांच्या टाकीत, गोगलगायींनी खुशाल संसार थाटला होता.

टाकी काकांची फार लाडकी. आत दाट हिरवी रोपं, शेपट्या मिरवणारे गप्पी मासे आणि तळाशी नखाएवढ्या कोळंब्या. एकदा शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराकडून त्यांनी नवं रोप आणलं. पानाच्या मागे डिंकाच्या थेंबासारखं काहीतरी चिकटलं होतं. ती गोगलगायीची अंडी होती. गादीच्या शिवणीतून ढेकणाचं अंडं हुडकून काढणाऱ्या काकांना ती दिसली नाहीत असं नाही. दिसली, पण 'किती छान चमकतंय' म्हणून त्यांनी ते पान मुद्दाम काचेकडे वळवून लावलं.

पुढे व्हायचं तेच झालं. काचेवर, पानांवर, टाकीतल्या हवेच्या नळीवर, जिथे बघावं तिथे गोगलगायी. मेहुणा येऊन टाकीपुढे उभा राहिला आणि अगदी साळसूद चेहऱ्याने म्हणाला, "भाऊजी, एखादा चांगला पेस्ट कंट्रोलवाला बघू का?" काकांना हसावं लागलं, कारण दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

औषध टाकणं हा त्यांच्या हातचा मळ. पण गोगलगायीला मारणारं औषध कोळंबीलाही मारतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार! म्हणून त्यांनी चिमट्याने एकेक वेचून पाहिली. जेवढ्या काढल्या तेवढ्या पुन्हा हजर. संध्याकाळी काकडीची चकती बुडवून ठेवली. सकाळी तिच्यावर गोगलगायींचा थर जमलेला असे. तो उचलून टाकताना काकांना जिंकल्यासारखं वाटायचं, आणि चहा संपेपर्यंत काचेवर नवी फौज उभी. शेवटी दुकानदाराने गोगलगायी खाणारा एक मासा दिला. त्याने सुरुवातीला बऱ्यापैकी काम केलं, पण इथे आयतं जेवण मिळतं हे लक्षात आल्यावर तो गप्पींच्या पंगतीत जाऊन बसला.

मग एक गोगलगाय बायकोला तिच्या चष्म्याच्या घरावर सापडली.

"रविवारी दुकानदाराला बोलावलंय," ती म्हणाली. "टाकी घेऊन जाईल. घरी आल्यापासून त्या काचेला नाक लावून बसता. मी बोलते ते ऐकू तरी येतं का?"

एवढा मोठा माणूस, पण काकांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं. टाकी गेली तर आपलं काय उरलं, असं त्यांना खरोखर वाटलं. कारण त्यांना सांगायला लाज वाटेल अशी गोष्ट होती, आणि ती बायकोलाही माहीत नव्हती.

ती गोष्ट बाहेर आली एका फोनमुळे. जेवायच्या आधी एका गिऱ्हाइकाचा फोन आला. फवारणी करूनही झुरळं येतात म्हणून बाई तणतणत होत्या. काकांनी फोन खांद्यात धरला आणि सवयीने टाकीपाशी जाऊन उभे राहिले.

"ताई, औषधाचं नंतर बघू. आधी त्यांचं खाणं बंद करा. ओट्यावर कण ठेवू नका. खायला मिळालं की येणारच ती, आणि पिलावळही वाढवणार! त्यात माझ्या औषधाचा काय दोष?"

मागून बायकोचं हसू फुटलं. ती पदर तोंडाला लावून हसत होती. "अहो, तुमच्या हातात काय आहे ते बघा!"

हातात माशांच्या खाण्याची चिमूट होती. दुसरी. पहिली आधीच पाण्यात पडून तळाशी चालली होती आणि गोगलगायी तिच्यावर सावकाश चाल करून येत होत्या. काका फोनवर काय बोलत होते तेच विसरले आणि 'नंतर करतो' म्हणून त्यांनी फोन ठेवला.

"उठल्यावर घालता, निघताना घालता, आल्यावर घालता, आणि आता हे. इतकं का घालता हो?"

"मी आलो की ते धावत येतात गं," काका म्हणाले. एकदा बोलायला लागल्यावर त्यांना थांबता येईना. "दिवसभर मी ज्या घरात शिरतो तिथली माणसं बाहेर पडतात. पोरांना उचलतात, ताटं झाकतात, नाक धरतात. मीच सांगतो त्यांना तसं करायला. पण मला बघून जवळ येणारं कोणी असावं, असं वाटतं."

बायको ताटं घ्यायला आत गेली.

दुसऱ्या दिवसापासून काकांनी खाणं तोडलं. एक दिवसाआड एक चिमूट, तीही बारीक. मासे काचेशी धावत यायचे, रिकामा हात बघायचे आणि वळून जायचे. काकांना ते फार लागलं. स्वतःवर हसूही आलं: एवढी वर्षं ही मंडळी आपल्यावर नाही, खाण्याच्या डब्यावर जीव टाकत होती! गोगलगायी मात्र खरंच विरळ होऊ लागल्या.

रविवारी दुकानदार आला तो दारावर थापा मारतच. "बेल वाजत नाही हो तुमची!"

"आजच बिघडली वाटतं," काका म्हणाले.

"आज?" बायको म्हणाली. "केव्हाची बंद आहे ती."

"मग मला कसं कळलं नाही?"

"तुम्ही कधी वाजवलीत? तुमच्या औषधाचा वास जिन्यात आला की मी दार उघडून उभी असते. तुम्ही माझ्या बाजूने वाट काढता आणि माशांकडे पळता."

दुकानदाराने छताकडे बघितलं. मग विचारलं, "टाकी न्यायची ना?"

"राहू द्या," बायको म्हणाली. "गोगलगायींची खाणावळ बंद झालीये."

सोमवारी काका जिना चढून आले. दार उघडं होतं आणि ती उभी होती. काका उंबऱ्यातच थांबले.

"काय झालं?" तिने विचारलं.

"काही नाही," काका म्हणाले. "आलो."

आत मासे काचेशी गोळा झाले होते. काकांनी पंप खाली ठेवला आणि ते तिथेच तिच्याशी बोलत उभे राहिले.